छत्रपती राजाराम महाराज

छत्रपती राजाराम शिवाजीराजे भोसले (जन्म : राजगड, २४ फेब्रुवारी १६७०; मृत्यू : सिंहगड, मार्च १७००) हे मराठा राज्याचे तिसरे छत्रपती होत. छत्रपती शिवाजी महाराज व सोयराबाई यांचे ते पुत्र आणि छत्रपती संभाजी महाराजांचे सावत्र बंधू. त्यांची कारकीर्द १६८९ ते १७०० अशी अवघी अकरा वर्षांची होती. तीतील आठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी राजधानी रायगडापासून दूर, तमिळ प्रदेशातील जिंजी किल्ल्यावरून राज्य केले. राजधानी शत्रूच्या हाती आहे, राजघराण्यातील माणसे कैदेत आहेत आणि राजा परमुलखात आहे, अशा अवस्थेतही त्यांचे शासन हेच मराठ्यांचे कायदेशीर शासन मानले गेले. आजच्या राजनैतिक परिभाषेत ज्याला परागंदा सरकार म्हणतात, त्याचे हे भारताच्या इतिहासातील एक ठळक उदाहरण आहे. या सरकारला कोणी, केव्हा व कशासाठी मान्यता दिली, हा राजाराम महाराजांच्या चरित्राचा गाभा ठरतो.

जन्म व बालपण

राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला. ते पालथे जन्मले, म्हणून गडावर काहींना अपशकुन वाटला. तेव्हा हा मुलगा मोगलांची पातशाही पालथी घालील असे शिवाजी महाराजांनी सांगितल्याची आख्यायिका बखरींमध्ये आहे. मातोश्री सोयराबाई या सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या भगिनी. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा राजाराम चार वर्षांचे होते. पुढचे त्यांचे सगळे बालपण रायगडावरच गेले.

मार्च १६८० मध्ये रायगडावर त्यांची मुंज झाली आणि लगेच सेनापती प्रतापराव गुजर यांची कन्या जानकीबाई हिच्याशी विवाह झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. संभाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर होते. सोयराबाई व काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविले. परंतु सेनापती हंबीररावांनी भाच्याची बाजू न घेता संभाजी महाराजांचा पक्ष उचलला व हा बेत फसला. जून १६८० मध्ये संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात घेतला. पुढील वर्षी दुसरा कट उघडकीस आला, त्यात सामील असलेल्या प्रधानांना देहान्त शासन झाले आणि १६८१ मध्ये सोयराबाईंचाही मृत्यू झाला.

यानंतर राजाराम महाराज रायगडावर नजरकैदेत राहिले. या काळाची माहिती फारच त्रोटक मिळते. त्यांना त्रास दिला गेल्याचा पुरावा नाही. हंबीररावांची कन्या ताराबाई आणि कागलकर घाटग्यांची कन्या राजसबाई यांच्याशीही त्यांचे विवाह झाले. मात्र राज्यकारभाराचे किंवा रणांगणाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. पुढे त्यांच्या स्वभावातील मवाळपणावर आणि मंत्र्यांवर विसंबून राहण्याच्या सवयीवर इतिहासकारांनी पुष्कळ टीका केली आहे. ती करताना, वयाच्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत हा राजपुत्र एका गडाच्या तटाबाहेर पडला नव्हता, हे सहसा विसरले जाते.

रायगडावरील मंचकारोहण

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे संभाजी महाराज मोगल सरदार मुकर्रबखानाच्या हाती सापडले. ही वार्ता रायगडावर पोहोचताच किल्लेदार चांगोजी काटकर व येसाजी कंक यांनी राजाराम महाराजांना मुक्त केले आणि १२ फेब्रुवारी १६८९ रोजी त्यांचे मंचकारोहण झाले. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू त्या वेळी सहा वर्षांचे होते. युद्ध दाराशी आले असता अल्पवयीन मुलाला गादीवर बसविणे धोक्याचे आहे, हे महाराणी येसूबाईंनी ओळखले आणि आपल्या मुलाचा हक्क बाजूस ठेवून दिराच्या नावाला संमती दिली. गादी शाहूंची असून आपण ती सांभाळत आहोत, अशीच राजाराम महाराजांची भूमिका होती, असे मराठी परंपरा सांगते. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची क्रूर हत्या करण्यात आली.

इतिकादखान हा वजीर असदखानाचा मुलगा. त्याने मार्च १६८९ च्या अखेरीस रायगडला वेढा घातला. त्याला येऊन मिळणाऱ्या मोगली कुमकेला कावल्याच्या घाटात गोदाजी जगताप व सर्कले नाईक यांनी अडविल्याची नोंद मिळते. राजघराण्यातील सर्व माणसे एकाच गडावर राहिली तर एका वेढ्यात राज्याचा शेवट होईल, म्हणून राजाने बाहेर पडावे आणि राणी व राजपुत्राने गड लढवावा, असा निर्णय झाला. तो निर्णय येसूबाईंचाच होता, असे मानण्यास आधार आहे. ५ एप्रिल १६८९ रोजी राजाराम महाराज रायगडावरून उतरून प्रतापगडाकडे गेले. रायगड त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

येसूबाईंनी गड सात महिने झुंजविला. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी तह करून तो मोगलांच्या स्वाधीन करण्यात आला. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळ फितूर झाल्याची हकिगत परंपरेने सांगितली जाते. येसूबाई व शाहू औरंगजेबाच्या छावणीत कैदी म्हणून गेले. या विजयाबद्दल इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. हाच झुल्फिकारखान पुढे जिंजीला वेढा घालून बसला.

रायगड व कोकण किनारा

राजधानी पडली तेव्हा तिच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचा मुलूख, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, अनेक सत्तांत वाटला गेला. रायगड पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. कल्याणचा मोगल फौजदार मातबरखान याने उत्तर कोकणातील अनेक किल्ले घेतले. चौल-रेवदंडा पोर्तुगीजांकडे होता, तर मुंबई इंग्रजांकडे. मराठ्यांच्या आरमाराचा आधार होता तो अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यासारख्या सागरी ठाण्यांचा. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर व त्यांच्या हाताखालचे कान्होजी आंग्रे यांनी किनाऱ्यावर राजाराम महाराजांच्या नावाने लढाई चालू ठेवली. सिधोजीनंतर आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. राजा शेकडो कोस दूर असताना किनाऱ्यावरची गलबते त्याच्या नावाने फिरत राहिली, ही गोष्ट त्या शासनाच्या अस्तित्वाची एक मोठी साक्ष होती.

जिंजीचा प्रवास

प्रतापगडाहून राजाराम महाराज पन्हाळ्यास गेले. मोगलांनी पन्हाळ्यालाही वेढा घातला. संकट आल्यास कर्नाटकातील जिंजीचा आश्रय घ्यावा, ही योजना पूर्वीच ठरली होती. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत जिंजी घेऊन ती मजबूत केली होती. राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रायणदुर्ग या तीन डोंगरांना एका तटाने जोडणारा हा किल्ला आजच्या तमिळनाडूत, पुदुच्चेरीपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे.

२६ सप्टेंबर १६८९ रोजी महाराज लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात पन्हाळ्यावरून निघाले. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ चिटणीस, मानसिंग मोरे, बहिर्जी घोरपडे, संताजी जगताप, रूपाजी भोसले अशी निवडक मंडळी बरोबर होती. औरंगजेबाने सर्व वाटांवर पहारे बसविले होते. तुंगभद्रेच्या परिसरात मोगली तुकडीने त्यांना गाठले, तेव्हा सोबत्यांनी मागे राहून लढाई दिली आणि राजा निसटला. बेंगळुरूत मुक्कामी असता सेवक एकाचे पाय धूत आहेत, हे पाहून कोणाला तरी संशय आला व खंडो बल्लाळ आदी मंडळींनी मागे राहून छळ सोसला, अशी हकिगत बखरींत आहे.

या प्रवासात सर्वांत मोठी मदत झाली ती बिदनूरच्या, म्हणजे केळदीच्या राणी चेन्नम्मा यांची. त्यांचे राज्य लहान होते. मोगलांच्या शत्रूला आपल्या मुलखातून जाऊ देणे म्हणजे स्वतःवर युद्ध ओढवून घेणे होते, आणि तसेच झाले. राजाला सुखरूप पुढे पोहोचविल्याबद्दल औरंगजेबाने जाननिसारखानाला त्यांच्यावर पाठविले. राणीने प्रतिकार केला, संताजी घोरपडे त्यांच्या मदतीस आले आणि अखेर दंड देऊन तह झाला. राजधानी गमावलेल्या मराठा राजाला राजा म्हणून वागविणारी पहिली परकी सत्ता ही केळदीची, आणि तिने त्याची किंमतही मोजली.

ऑक्टोबरच्या अखेरीस महाराज वेल्लोरला व नोव्हेंबर १६८९ मध्ये जिंजीला पोहोचले. तेथे वेगळाच पेच उभा होता. जिंजीचा कारभार पाहणारे हरजीराजे महाडिक नुकतेच वारले होते आणि किल्ला त्यांच्या पत्नी अंबिकाबाई यांच्या हाती होता. अंबिकाबाई या शिवाजी महाराजांच्या कन्या, म्हणजे राजारामांच्या सावत्र भगिनी. किल्ला भावाच्या स्वाधीन करण्यास त्या प्रथम तयार नव्हत्या. किल्ल्यातील लोकांचा कल नव्या राजाकडे आहे हे दिसल्यावर त्यांनी दरवाजे उघडले. अशा रीतीने पहिली मान्यता घरातूनच मिळवावी लागली.

जिंजीचा दरबार

जिंजीस येताच राजाराम महाराजांनी रीतसर दरबार उभा केला. अष्टप्रधान नेमले. निळो मोरेश्वर पिंगळे पेशवे होते. प्रल्हाद निराजी यांच्यासाठी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण केले व ते पेशव्यांच्याही वर ठेवले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे होता. त्यांना हुकूमतपनाह हा किताब व राजाच्या वतीने निर्णय घेण्याचे अधिकार देण्यात आले. शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक हे त्यांचे सहकारी. जिंजी आणि विशाळगड अशा दोन ठिकाणांहून एकच राज्य चालू लागले. मधल्या मुलखात मोगल सैन्य पसरले असताना जासूद कागद घेऊन जात-येत होते. १६९१ च्या सुमारास संताजी घोरपडे सेनापती झाले. केशव पंडितांनी राजाराम महाराजांवरील संस्कृत काव्य राजारामचरितम् याच काळात रचले.

हा सारा थाट निरर्थक नव्हता. राजा सिंहासनावर आहे, प्रधान नेमलेले आहेत, सनदांवर शिक्का उमटतो आहे, एवढे दिसले तरच देशमुख, सरदार व परकीय व्यापारी त्याच्याशी व्यवहार करणार होते. मार्च १६९० मध्येच मावळातील देशमुखांना पत्रे गेली. राजा कर्नाटकात सुखरूप असून फौज जमवीत आहे आणि त्यांनी मोगलांविरुद्ध उठावे, असा त्यांचा आशय होता. कारीचे बाजी सर्जेराव जेधे यांना पाठविलेले पत्र त्यांपैकीच. जून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेली सनद तर विशेष लक्षणीय आहे. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली जिंकल्यावर ठरावीक रक्कम मिळेल, असे तीत टप्प्याटप्प्याने लिहिले आहे. ज्या राजाजवळ त्या घडीला स्वतःची राजधानीही नव्हती, तो दिल्लीच्या विजयाचे बक्षीस ठरवीत होता. या यादीत पहिले नाव रायगडचे आहे.

मान्यतेचा प्रश्न

राजाराम महाराजांच्या शासनाला युरोपीय व्यापारी कंपन्यांनी दिलेली मान्यता हा विषय मराठीत पुरेसा चर्चिला जात नाही. जिंजीच्या आसपासच्या किनाऱ्यावर मद्रासला इंग्रज, पुदुच्चेरीला फ्रेंच आणि इतरत्र डच अशा वखारी होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न अगदी व्यवहाराचा होता: जमिनीचा मालक कोण, आणि कोणाचा कागद उद्या टिकेल.

इंग्रजांना मद्रासच्या दक्षिणेस किनाऱ्यावर एक मजबूत ठाणे हवे होते. कडलूरजवळील देवनामपट्टणम हा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात होता. मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल याने जिंजीच्या दरबाराशी बोलणी चालविली आणि १६९० मध्ये तो किल्ला राजाराम महाराजांकडून कंपनीने विकत घेतला. किल्ल्यासोबत किती जमीन द्यावी, याचे माप मोठे विलक्षण होते. किल्ल्यावरून तोफ डागावी व गोळा जिथवर पोहोचेल तिथवरचा मुलूख कंपनीचा. इंग्रजांनी मद्रासहून उत्तम पितळी तोफ आणून सप्टेंबर १६९० मध्ये चारी दिशांना गोळे सोडले, आणि त्या टप्प्यात आलेली गावे पुढे तोफगोळ्याची गावे म्हणून ओळखली गेली. या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट सेंट डेव्हिड हे नाव दिले. मद्रास फ्रेंचांनी घेतल्यावर १७४६ पासून काही वर्षे इंग्रजांच्या पूर्व किनाऱ्यावरील कारभाराचे ते मुख्य ठाणे होते.

या व्यवहाराचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर काय घडत होते, हे पाहिले पाहिजे. कंपनीने औरंगजेबाशी युद्ध उकरून काढले होते. त्यामुळे जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने १६८९ मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. अखेर कंपनीच्या वकिलांनी बादशहाची क्षमा मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि १६९० च्या मध्यावर सिद्दीने मुंबई सोडली. म्हणजे एकाच वर्षी हीच कंपनी पश्चिमेस औरंगजेबापुढे नाक घासत होती आणि पूर्वेस त्याच्या शत्रूकडून किल्ला विकत घेत होती. एवढ्यावरच न थांबता मोगल सेनापती झुल्फिकारखान जिंजीजवळ आल्यावर इंग्रजांनी त्याच्याशीही सलोखा ठेवला व आपल्या ठाण्यांसाठी त्याच्याकडून परवाने मिळविले.

त्यामुळे इंग्रजांची मान्यता ही निष्ठेची नव्हती, हे उघड आहे. तरीही तिचे मोल कमी होत नाही. विक्रीचा करार करताना कंपनीने राजाराम महाराजांना त्या मुलखाचा अधिकृत धनी मानले. फरारी बंडखोराकडून कोणी किल्ला विकत घेत नाही. राजाराम महाराजांनाही किल्ल्यापेक्षा रोकड अधिक मोलाची होती, कारण जिंजीचा वेढा सुरू होत होता आणि फौजेचा पगार थकला होता. सार्वभौमत्वाचा एक तुकडा विकून उरलेले सार्वभौमत्व टिकविण्याचा हा सौदा होता. तो योग्य होता की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. पुढील शतकात या किनाऱ्यावर इंग्रज केवढे प्रबळ झाले हे आज माहीत असल्यामुळे या विक्रीला दोष देणे सोपे आहे. १६९० मध्ये मात्र जिंजीच्या तटाबाहेरचा धोका इंग्रजांचा नव्हता.

फ्रेंचांचा पुदुच्चेरीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तें हाही जिंजीच्या दरबाराशी संबंध राखून होता. त्याच्या नोंदवह्या या काळाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहेत. १६९३ मध्ये डचांनी पुदुच्चेरी घेतली आणि युरोपातील तहानंतर १६९९ मध्ये ती फ्रेंचांना परत मिळाली.

तंजावरचे व्यंकोजीपुत्र शहाजीराजे हे राजाराम महाराजांचे चुलतबंधू. त्यांनी आरंभी जिंजीला मदत केली. परंतु १६९४ मध्ये झुल्फिकारखान तंजावरवर चालून गेला, तेव्हा त्यांना मोगलांचे मांडलिकत्व मान्य करावे लागले. रक्ताचे नाते असले तरी दाराशी आलेली फौज अधिक जवळची ठरली.

याच्या उलट, औरंगजेबाने राजाराम महाराजांना राजा मानलेच नाही. त्याने कैदेतील बालक शाहूंना राजा हा किताब व सात हजारी मनसब दिली. म्हणजे मराठ्यांचा एक राजा परमुलखात व दुसरा बादशहाच्या छावणीत, अशी अवस्था झाली. बादशहाच्या या चालीने मराठे फुटतील अशी अपेक्षा असावी. पण राजाराम महाराजांनी पुतण्याच्या हक्काला विरोध केला नाही, त्यामुळे तिचा फारसा उपयोग झाला नाही. तिचे परिणाम १७०७ नंतर, शाहू व ताराबाई यांच्या संघर्षात दिसले.

जिंजीचा वेढा

झुल्फिकारखान सप्टेंबर १६९० मध्ये जिंजीपुढे आला. एवढ्या विस्तीर्ण किल्ल्याची पूर्ण कोंडी करण्याइतकी फौज त्याच्याकडे नव्हती. पुढे असदखान व शाहजादा कामबक्ष मोठी कुमक घेऊन आले. डिसेंबर १६९२ मध्ये संताजी घोरपडे व धनाजी जाधव महाराष्ट्रातून उतरले. संताजींनी कांचीचा मोगल फौजदार अलीमर्दानखान याला कैद केले, धनाजींनी वेढ्यावर हल्ला चढविला आणि वेढा घालणारेच वेढले गेले.

याच सुमारास मोगल छावणीत एक नाट्यमय घटना घडली. बादशहा मरण पावल्याच्या अफवा उठत होत्या. कामबक्षाने राजाराम महाराजांशी गुप्तपणे संधान बांधल्याचा संशय आला आणि असदखान व झुल्फिकारखान यांनी खुद्द शाहजाद्याला कैद केले. जानेवारी १६९३ मध्ये झुल्फिकारखानाने मराठ्यांशी तडजोड करून वांदिवाशला माघार घेतली. छावणीतील भीमसेन सक्सेना याच्या फार्सी ग्रंथात या दिवसांचे वर्णन मिळते. जिंजीतील राजाशी वाटाघाटी कराव्यात असे मोगल सेनानींना आणि बादशहाच्या पुत्रालाही वाटू लागले होते. औरंगजेब मात्र तयार नव्हता.

त्यानंतर वेढा रेंगाळत राहिला. आपण वृद्ध बादशहाच्या पश्चात दक्षिणेत स्वतंत्र व्हावे, असा झुल्फिकारखानाचा मनसुबा होता व म्हणून तो जिंजी मुद्दाम घेत नव्हता, अशी चर्चा त्या काळीही होती.

संताजी-धनाजी कलह व वतने

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीवरील सर्वांत गडद डाग म्हणजे संताजी घोरपडे यांचा अंत. १६९५-९६ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाचा आणि नंतर हिंमतखानाचा पाडाव करून संताजींनी मोगलांना हादरविले होते. पण त्यांची कडक शिस्त व तापट स्वभाव यांमुळे दरबारात शत्रू वाढले. धनाजी जाधवांशी वैर विकोपास गेले, महाराजांनी धनाजींची बाजू घेतली आणि सेनापतिपद त्यांना दिले. दोन मराठा फौजा एकमेकींशी लढल्या. जून १६९७ मध्ये संताजींची हत्या झाली. जिंजी पडण्यास यानंतर सहा-सात महिनेच लागले.

वतनांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शिवाजी महाराजांनी सरदारांना वंशपरंपरा जहागिरी देण्याचे टाळले होते. औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची लालूच दाखवू लागला, तेव्हा राजाराम महाराज व रामचंद्रपंतांना तेच करावे लागले. जो मुलूख जिंकाल तो तुमचा, अशा सनदा निघाल्या. तिजोरी रिकामी असताना लढणारे हात टिकविण्याचा हा एकच मार्ग होता. त्यातून मोगलांना आवरता न येणारे सर्वव्यापी युद्ध उभे राहिले, हे खरे. एकाच वतनावर अनेकांचे दावे आणि स्वतंत्र वृत्तीचे सरदार हा त्याचा वारसाही तितकाच खरा.

परतीचा प्रवास व अखेर

१६९७ च्या अखेरीस औरंगजेबाने निकराचे हुकूम पाठविले आणि १६९८ च्या आरंभी जिंजी पडली. राजाराम महाराज तत्पूर्वीच निसटले होते. मोगलांच्या सेवेतील शिर्के यांच्या मदतीने ही सुटका झाली व त्या बदल्यात खंडो बल्लाळांनी आपले दाभोळचे वतन शिर्क्यांना लिहून दिले, असे सांगितले जाते. झुल्फिकारखानाने जाणूनबुजून कानाडोळा केला असण्याचाही संभव आहे. फेब्रुवारी १६९८ मध्ये महाराज वेल्लोरमार्गे विशाळगडास पोहोचले. सात वर्षांहून अधिक चाललेल्या वेढ्यातून बादशहाच्या हाती किल्ला लागला, राजा नाही.

१६९९ मध्ये साताऱ्यास राजधानी करण्यात आली. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर महाराज स्वतः फौज घेऊन खानदेश-वऱ्हाडच्या मोहिमेवर निघाले. औरंगजेबही मराठ्यांचे किल्ले एकेक करून घेण्यासाठी ब्रह्मपुरीहून बाहेर पडला व डिसेंबर १६९९ मध्ये त्याने साताऱ्याला वेढा घातला. मोहिमेत महाराजांची प्रकृती ढासळली. त्यांना सिंहगडावर आणण्यात आले आणि मार्च १७०० च्या आरंभी, फाल्गुन वद्य नवमीस, तेथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. त्यांची समाधी सिंहगडावर आहे. सातारा किल्ला त्यानंतर एप्रिलपर्यंत लढत राहिला.

कुटुंब

ताराबाईंचे पुत्र शिवाजी (जन्म १६९६) व राजसबाईंचे पुत्र संभाजी (जन्म १६९८) हे त्यांचे दोन राजपुत्र. पतीच्या निधनानंतर ताराबाईंनी आपल्या पुत्रास गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी युद्ध चालविले. संभाजी पुढे कोल्हापूरच्या गादीवर आले. अंबिकाबाई नावाच्या राणी विशाळगडावर सती गेल्या.

रायगडचा पुढील इतिहास

हणमंतराव घोरपड्यांच्या सनदेत पहिले नाव असलेला रायगड राजाराम महाराजांच्या हयातीत परत मिळाला नाही. सिद्दीकडून तो मराठ्यांनी १७३३ मध्ये, छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत घेतला. सात वर्षांचे असताना ज्या गडावरून शाहूंना कैद करून नेण्यात आले होते, तो गड पुन्हा ताब्यात आला तेव्हा ते पन्नाशीत होते.